श्क्वोरेत्स्की ‘पळून गेला’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मजकूर फिरतोय, माझ्याकडे आत्तापर्यंत तीनदा आला. थोडक्यात असं की १९६८ ला सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये घुसले तेव्हा नाटककार हावेलसारखे खरे लेखक देशात राहून तुरुंगात गेले आणि योसेफ श्क्वोरेत्स्कीसारखे कादंबरीकार कॅनडाला पळाले, तिथे प्रोफेसरकी करत सुखात राहिले, भाषा सोडली, देशातल्या माणसाला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही आणि १९८९ ला कम्युनिस्ट राजवट पडल्यावर सन्मान घ्यायला हजर झाले. मी या माणसाला बरीच वर्षं वाचतेय त्यामुळे गप्प बसवत नाही, एकेक मुद्दा घेते.

आधी ‘पळाला’ हा शब्द. नाखोद गावात १९२४ चा जन्म, नाझींच्या काळात मेसरश्मिटच्या विमान कारखान्यात सक्तीचं काम. ‘भित्रे’ ही कादंबरी त्यानं विशीत लिहिली, ती छापून यायला १९५८ उजाडलं आणि आल्या आल्या बंदी, मासिकातली एडिटरची नोकरीही गेली. का, तर मे १९४५ मधलं आपलं गाव त्यानं जसं होतं तसं दाखवलं, रेड आर्मीला, म्हणजे सोव्हिएत सैन्याला, देव्हाऱ्यात बसवलं नाही, त्यातली पोरं जॅझ वाजवतात आणि पोरींचा विचार करतात एवढंच. सैन्यातल्या दिवसांवरची ‘टँक बटालियन’ १९५४ ला लिहून तयार होती, ती तर तेव्हा देशात छापूच दिली नाही. म्हणजे १९६९ ला तो बायकोबरोबर निघाला तेव्हा हे सगळं भोगून झालेलं होतं, आणि समोर परत तेच दिसत होतं.

आणि सगळे आपल्या मर्जीनं गेले हेही खरं नाही. नाटककार पावेल कोहोउत १९७८ ला रीतसर परवानगी घेऊन व्हिएन्नाला गेला, वर्षभरानं परत यायला निघाला तर सीमेवरून मागे धाडला आणि नागरिकत्व काढून घेतलं. लेखक यिर्झी ग्रुशाला टाइप केलेल्या मोजक्या प्रतींतून हातोहात फिरणाऱ्या कादंबरीसाठी १९७८ ला अटक झाली, नंतर तो बाहेर गेलेला असताना १९८१ ला त्याचंही नागरिकत्व काढलं. श्क्वोरेत्स्कीचं १९७८ लाच काढलं होतं. देशाचं दार आतून बंद केलं होतं हो, आणि ते सरकारनं केलं होतं.

आता सुखात राहण्याबद्दल. टोरोंटो विद्यापीठात त्याला नोकरी होती, बरोबर आहे, पगार होता. पण मजकूर लिहिणाऱ्यानं झ्देना सालिवारोवाचं नावच घेतलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय. झ्देना त्याची बायको, स्वतः लेखिका. १९७१ ला या दोघांनी टोरोंटोत सिक्स्टी-एट पब्लिशर्स हे चेक पुस्तकांचं प्रकाशन सुरू केलं, पहिलं पुस्तक तीच अडवून ठेवलेली ‘टँक बटालियन’. तो शिकवायला जायचा, लिहायचा, आणि प्रकाशनाचा रोजचा गाडा ही बाई ओढायची, टाइपसेटिंगपासून पार्सलं बांधण्यापर्यंत, वर्षानुवर्षं. चेक ही अक्षरांवर खुणा असलेली भाषा, एक खूण चुकली की शब्द बदलतो, आपल्याकडे वेलांटी-मात्रा गेली तर काय होईल तसंच, आणि ती जुळवायची कुठे तर इंग्रजी गावात, आणि पुस्तकं घेणार कोण तर जगभर विखुरलेले चेक लोक. अशी २२० हून जास्त पुस्तकं काढली त्यांनी. तिच्या स्वतःच्या कादंबऱ्या मोजक्याच आहेत, वेळ कुठे गेला ते उघड आहे.

भाषा सोडली म्हणे! त्याची ‘मानवी आत्म्यांच्या इंजिनिअरची गोष्ट’ ही जाडजूड कादंबरी १९७७ ची, टोरोंटोत बसून लिहिलेली, चेकमध्ये. संगीतकार ड्वोर्झाकवरची कादंबरी, तीही चेकमध्ये. इंग्रजी अनुवाद पॉल विल्सननं केले, हा कॅनडाचा माणूस प्रागमध्ये दहा वर्षं राहून, तिथल्या बंदी घातलेल्या रॉक बँडबरोबर गाऊन, १९७७ ला हाकलला गेलेला. १९८४ चा कॅनडातला गव्हर्नर जनरल पुरस्कार त्या ‘इंजिनिअर’च्या इंग्रजी अनुवादाला मिळाला, मूळ लिखाण चेकच.

आणि काडीचाही उपयोग नाही, हा मुद्दा तर सपशेल चुकीचा. हावेलचा तुरुंगवास खरा आहे, त्यानं बाहेर जायची संधी नाकारली हेही खरं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच तुरुंगातून त्यानं बायकोला, ओल्गाला लिहिलेली पत्रं १९८५ ला पुस्तकरूपात छापली कुणी? टोरोंटोतल्या याच दोघांनी. देशात लेखक वात्सुलिक वगैरे मंडळी टाइपरायटरवर कार्बन लावून दहा-बारा प्रती काढायची, केवढी जोखीम होती ती, पण त्या दहा-बारा प्रतींचं छापील पुस्तक व्हायचं ते बाहेर, टोरोंटोत, कोलोनमध्ये, लंडनमध्ये, आणि मग तेच चोरून परत देशात यायचं. १९८४ ला नोबेल मिळालेल्या कवी साइफर्तच्या आठवणी, वात्सुलिकची रोजनिशी, पॅरिसला गेलेल्या मिलान कुंदेराच्या कादंबऱ्या, सगळं या प्रकाशनाच्या यादीत आहे. कुंदेराची ‘असह्य हलकेपण’वाली कादंबरी चेकमध्ये पहिल्यांदा आली ती १९८५ ला इथूनच, चेक देशात ती २००६ मध्ये छापली गेली, म्हणजे वीस वर्षं चेक वाचकाच्या हातातलं पुस्तक टोरोंटोचंच! शिवाय व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या चेक कार्यक्रमात श्क्वोरेत्स्की वर्षानुवर्षं पुस्तकांवर बोलत होता, ज्याच्यापर्यंत पुस्तक पोचत नव्हतं त्याला निदान त्याबद्दल ऐकायला तरी मिळायचं. आत राहिलेले आणि बाहेर गेलेले असे दोन गट पाडून भांडण लावताय, पण ते लोक तर एकमेकांचीच हस्तलिखितं सांभाळत होते.

सन्मानाचं म्हणाल तर १९९० ला हावेलनं, तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष होता, दोघांनाही ऑर्डर ऑफ द व्हाइट लायन हा राष्ट्रीय सन्मान दिला. कुणाला काय द्यायचं हे हावेलला आपल्यापेक्षा जास्त कळत असावं. त्यानंतर दोनच वर्षांनी जुन्या गुप्त पोलिसांच्या माणसांची म्हणून एक यादी छापली गेली, कसलीही शहानिशा न करता, आणि त्यात झ्देनाचं नाव होतं. ती कोर्टात गेली आणि जिंकली. परतून प्रागमध्ये मिरवायला ते गेलेच नाहीत, टोरोंटोतच राहिले, तो २०१२ ला तिथेच वारला आणि ती २०२५ ला.

तेव्हा मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर पाठवा, पण त्यात झ्देना सालिवारोवाचं नाव घालून पाठवा.