तेल ओतू नका, गळती शोधा!

पॉवर स्टिअरिंगचं तेल संपत नसतं. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, हे तेल जळत नाही. ते डबीतून पंपात, पंपातून रॅकमध्ये (पुढची चाकं वळवणारा आडवा रॉड आणि त्याचं नळीसारखं घर) आणि परत डबीत फिरत राहतं. डबीतली पातळी उतरली म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय. इतकी साधी गोष्ट ठाण्यातल्या गॅरेजवाल्यांना कळत नाही? चांगली कळते! पण बॉनेट उघडायचं, लाल तेल ओतायचं, पैसे घ्यायचे आणि ‘चालवा, काही होत नाही’ म्हणायचं, हेच त्यांना परवडतं. डोकं फिरलंय माझं.

गाडी २००८ ची आहे, पेट्रोल, इंजिन ठणठणीत. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून, ५ हजार फी आणि वर ग्रीन टॅक्स भरून पुढची ५ वर्षं रीतसर मिळवली आहेत. त्यामुळे ‘साहेब, गाडी जुनी झाली, काढून टाका’ हे मला कोणी ऐकवू नये. सरकार चालवा म्हणतंय, तू कोण काढायला सांगणारा? तुला गळकं सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, बदलायला सांगितलंय, ते बदल.

सोसायटीच्या रॅम्पवर वळताना पंप घुंऽऽ करून ओरडायला लागला, तिथून हे सुरू झालं. एकाने तेल भरलं. दुसऱ्याने गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली ओतली. त्या औषधाने रबर फुगतं आणि चार दिवस गळती थांबल्यासारखी वाटते, झिजलेलं सील काही नवं होत नाही. हे त्याला माहीत होतं, तरी ओतलं. मग गेलो मोठ्या सर्व्हिस सेंटरला. तिथे टाय घातलेल्या पोराने गाडी जॅकवरही न घेता सांगितलं, ‘रॅक असेंब्ली बदलावी लागेल’ आणि ३८ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. अरे, गळतंय कुठून ते तरी बघ! प्रेशर होसचा, म्हणजे दाबाच्या तेलाच्या पाइपचा, जॉइंट असेल, वरचं पिनियनचं, म्हणजे रॅक हलवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचं, सील असेल, रॅकच्या टोकाचं सील असेल. न बघता ३८ हजार?

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजमध्ये मी उभा राहून गाडी वर घ्यायला लावली. डावीकडच्या बुटाची, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या घड्यांच्या रबरी आवरणाची, क्लिप सैल केली आणि भळकन तेल मेकॅनिकच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बूट भरून फुगलं होतं. पण ते फाटलेलं नव्हतंच. फाटलं होतं उजवीकडचं, घडीच्या आतल्या बाजूला, आणि त्यात राखाडी चिखल बसलेला. माझ्या गाडीत दोन्ही बुटं एका बारीक नळीने जोडलेली आहेत, म्हणून तेल या बाजूचं त्या बाजूला जातं. हे त्या सर्व्हिस सेंटरवाल्याला माहीत नसेल तर त्याने धंदा बंद करावा.

बूट रबराचं, वयाने फाटणारच. पण फाटल्यावर आत काय जातं? घोडबंदर रोडचं पाणी! पातलीपाड्यापासून गायमुखपर्यंत खड्डे, मेट्रोच्या कामाची सिमेंटची पूड, पावसात गुडघाभर डबकी. तो चिखल रॅकच्या गुळगुळीत रॉडवर बसतो, रॉडला गंज धरतो आणि गंजलेला रॉड आत-बाहेर होताना सील कापत राहतो. टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा असते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की इथे तेलाचा दाब हजाराच्या वर जातो. कापलेलं सील तो दाब काय डोंबल धरणार?

आणि आता खरा संताप. रॅक उतरवला, सील किट आणलं, मजुरी मोजून घेतली आणि वागळे इस्टेटमधल्या त्या महाभागाने नवी सीलं त्याच खरबरीत रॉडवर चढवली. रॉडवरून नख फिरवलं तरी गंजाचा खड्डा लागत होता, मी स्वतः लावून दाखवला, तरी ‘चालतंय साहेब’! नाही चालत. पुन्हा गळलं. रॅक उतरवल्यावर चाकांची अलाइनमेंट करावी लागते, तीही केली नाही. पुढच्या टायरची आतली कड खाल्ली गेली ती वेगळीच.

यात मला सगळ्यात जास्त लागतं ते रस्त्यावर पडलेल्या तेलाचं. पहिल्या पावसात कापूरबावडीच्या वळणावर दुचाकीवाले कसे घसरतात, दरवर्षी बघतो. त्यात माझ्या गाडीचा एक थेंबही मला नको आहे. ‘थोडं गळतं, वरून भरत राहा’ म्हणणाऱ्याला मागे बायको-पोर बसवून जाणारा तो माणूस दिसत नाही का?

आता रॅक पुन्हा खाली आहे, दुसऱ्या माणसाकडे, जो फक्त रॅकचंच काम करतो. त्याला बजावलंय: आधी रॉड दाखव. वाचत असेल तर घासून पॉलिश कर, नसेल तर दुसरा टाक, त्याचे पैसे वेगळे देतो. बुटं दोन्ही नवी. जुनी सीलं माझ्या हातात. अलाइनमेंटचा कागद माझ्या हातात. तोवर एक रुपया मिळणार नाही.