दोष कमांडचा नव्हे, मोडेमचा

"कमांड येत नव्हत्या म्हणून लोकांनी लिनक्स सोडलं" हे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. विनमोडेमचा, म्हणजे फोनलाइनवरून नेट जोडणाऱ्या पण विंडोजच्या भरवशावर चालणाऱ्या मोडेमचा, साधा उल्लेखही नाही! २००० साली राजारामपुरीतल्या घरी रेड हॅट ६.२ हे लिनक्स टाकलं, ते अडलं मोडेमपाशीच. पीसीत बसवलेला स्वस्तातला मोडेम निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेणारा निघाला. लिनक्सला तो ओळखताच येईना, मग कमांड पाठ असून काय उपयोग? आणि मदत शोधायची तर नेटवरच. रीबूट करून विंडोजमध्ये जायचं, पीपीपीचं (फोनलाइनवरून नेट जोडायच्या पद्धतीचं) हाउटू, म्हणजे माहितीपत्रक, वाचायचं, वहीत उतरवायचं, परत रीबूट. आतून आईची हाक, "फोन ठेव की आता, मामा लावत असंल!"

शेवटी मित्राचा सीरियल पोर्टला जोडायचा मोडेम आणला. विंडोजचं कॉम-१ हे पोर्ट म्हणजे लिनक्समधलं टीटीवायएस-० हे कळायला एक संध्याकाळ गेली. डब्ल्यूव्हीडायल या नेटसाठी डायल करायच्या प्रोग्रॅममध्ये 'स्टुपिड मोड' (नाव खरंच तेच) चालू केल्यावर कनेक्ट झालं, तरी पेज उघडेना. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ताच नव्हता. हे सांगितलं ओळखीच्या सायबर कॅफेवाल्यानं, एका कटिंगवर.