जावयाचा चार्जर

रिमोटचं विमान उडतं सात मिनिटं. त्याची बॅटरी चार्ज व्हायला लागतो एक तास. आणि त्या चार्जरला वीज पुरवणारा डबा शोधण्यात गेले माझे तीन रविवार. हा हिशेब मी घरात कुणाला सांगितलेला नव्हता. बायकोने स्वतःच मांडला.

चूक माझीच. चार्जर मागवताना '200 वॅट' एवढंच वाचलं. खोका उघडला तर भिंतीत खुपसायची वायरच नाही. हा चार्जर घरची 230 व्होल्टची वीज तोंडातच घेत नाही. त्याला 11 ते 18 व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, तोही कुणीतरी आधी रांधून, ताटात वाढून दिलेला. थोडक्यात, जावई.

पहिला प्रयत्न अर्थातच फुकटातला. माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, काढला, त्याची हिरवी वायर काळीला बायकोच्या यू-पिनने जोडली आणि पंखा फिरल्यावर सगळ्यांना बघायला बोलावलं. लेबल 450 वॅटचं. पण त्या काळचे डबे सगळं लक्ष 5 व्होल्टवर ठेवून असतात. 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर भार आला की मान टाकतात. चार्जर किंचाळला, 'इनपुट लो'. यू-पिन परत मागण्यात आली.

मग लॅपटॉपचा अडॅप्टर. 19 व्होल्ट. एकाच व्होल्टचा तर प्रश्न आहे, असं मी म्हणतोय तोवर आईने विचारलं, "आणि ते अँपिअर का काय, ते जास्त झाले तर फुटेल ना रे?"

"अगं, अँपिअर म्हणजे परातीतल्या जिलब्या. वीस केल्यास तरी जावई दोनच खाईल, बाकीच्या परातीत राहतील. व्होल्ट म्हणजे आग्रह. तो कमी पडला तर जावई रुसून उठतो, जास्त झाला तर..."

"तर तुझ्या बाबांचं झालं होतं तसं होतं," आई म्हणाली. तिच्या माहेरच्या त्या जेवणाबद्दल आमच्याकडे अजूनही हळू आवाजात बोलतात. मी अडॅप्टर बॅगेत ठेवून दिला.

तिसऱ्या रविवारची वाट बघवेना म्हणून शनिवारीच पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठली. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "सीसीटीव्हीला की एलईडी पट्टीला?"

"लायपो चार्जरला." लायपो म्हणजे विमानातली लिथियम-पॉलिमर बॅटरी.

आता मान वर झाली. "बॅटरी केवढी आहे?"

हा प्रश्न मला जरा हलका वाटला. मी चार्जरचा रुबाब सांगितला. 200 वॅट बाहेर पडायचे तर गळती धरून आत 240 हवेत, 12 ने भागले की 20 अँपिअर, वर थोडा हात राखून 30. "12 व्होल्ट, 30 अँपिअर द्या."

त्याने जाळीदार पत्र्याचा चंदेरी डबा काउंटरवर आदळला. एका टोकाला स्क्रूंची रांग, त्यावर हात लागताच निखळणारं प्लास्टिकचं झाकण. बाजूच्या भोकातून आत दडलेलं एक चिमुकलं बटण त्याने स्क्रूड्रायव्हरने दाखवलं. "हे 220 वर आहे ना बघून घ्या. 110 वर राहिलं आणि लावलंत, तर एकदाच आवाज येतो. मग डबा परत घेत नाही."

"भिंतीची वायर?"

"वेगळी. थ्री-पिनच घ्या, अर्थिंग जोडा. नाहीतर पत्रा चावतो."

रविवारी सकाळी सगळं जोडलं. कोपऱ्यातला बारका स्क्रू फिरवून, मीटर लावून, आग्रह 12 वरून 13 व्होल्टवर नेला. डब्याचा पंखा असा सुटला की शेजारच्यांनी मिक्सर लावलाय का म्हणून विचारलं. 2200 एमएएचची, तीन सेलची बॅटरी लावली आणि चार्जरवर आकडे उमटले: 2.2 अँपिअर, 26 वॅट.

26. स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब याहून जास्त खाते. जिन्यातल्या कॅमेऱ्याच्या 12 व्होल्ट, 5 अँपिअरच्या अडॅप्टरवरही हे निवांत झालं असतं.

"म्हणजे परातीत तीस जिलब्या," आई चष्मा सावरत म्हणाली, "आणि जावई खातोय दोन?"

"दुकानदाराने तुला पहिल्यांदा काय विचारलं होतं रे?" बायकोने आतून विचारलं.

पंख्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.