थॅलेसेमियाचे वाहक आणि ‘आंधळी पेशी’: एका मजकुराचा प्रतिवाद

कोल्हापुरातील अनेक कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. स्थळाच्या रक्ततपासणीत ‘थॅलेसेमिया मायनर’ (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या या आनुवंशिक आजाराचे एकच सदोष जनुक असणे, म्हणजे वाहक असणे) आले तर सोयरीक मोडावी, कारण पेशीला चुकीचा संदेश ओळखता येत नाही, ती सदोष प्रथिन बनवतच राहते, ते रक्तात विषासारखे साचते आणि फक्त काढ्याने निघते, असे त्याचे म्हणणे आहे. मी येथे जीवशास्त्र शिकवते. राजारामपुरीतील माझ्या एका विद्यार्थिनीचे ठरलेले लग्न याच मजकुरामुळे अडले आहे, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

पेशी आंधळी आहे, हे विधान १९७९ पासूनच टिकणारे नाही. त्या वर्षी रेजीन लॉसाँ आणि फ्रान्स्वा लाक्रूट यांनी यीस्टमध्ये दाखवले, की संदेशवाहक आरएनएमध्ये (जनुकावरून प्रथिन बनवण्यासाठी काढलेली प्रत, म्हणजेच ‘संदेश’) ‘थांबा’ हा संकेत अवेळी आला तर तो आरएनए लवकर नष्ट होतो. आपल्या पेशींत ही ओळख कशी पटते, ते शिंप्याच्या कच्च्या टाक्यांवरून समजते. संदेशाचे तुकडे जोडले जाताना प्रत्येक सांध्याच्या सुमारे २० ते २४ अक्षरे आधी प्रथिनांची एक खूण बसते, आणि पहिल्या वाचनात रायबोसोम (संदेश वाचून प्रथिन बनवणारे पेशीतील यंत्र) पुढे सरकताना या खुणा उसवत जातो. योग्य ‘थांबा’ बहुधा शेवटच्या सांध्यापलीकडे असल्याने तेथे पोहोचेपर्यंत एकही खूण उरत नाही. ‘थांबा’ अवेळी, म्हणजे शेवटच्या सांध्याच्या ५०–५५ अक्षरांहून अधिक आधी आला, तर पुढची खूण तशीच राहते. ती पाहून यूपीएफ-१ हे प्रथिन कामाला लागते, संदेश कापला जातो आणि त्याचे तुकडे दोन्ही टोकांकडून खाल्ले जातात.

विष साचण्याचा मुद्दा अधिक काळजीने पाहायला हवा, कारण त्यात सत्याचा एक कण आहे. बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधील साखळीच्या जनुकात ३९व्या संकेतात (तीन अक्षरांच्या गटात) अवेळी ‘थांबा’ आला तर संदेशच नष्ट होतो, अर्धवट साखळी जवळजवळ बनत नाही, आणि दुसऱ्या निरोगी जनुकावर वाहकाचे आयुष्य सुरळीत चालते. मात्र १२१व्या संकेतातील ‘थांबा’ शेवटच्या तुकड्यात पडत असल्याने पहाऱ्यातून सुटतो, अर्धवट साखळी बनते आणि एकच सदोष जनुक असूनही माणूस आजारी पडतो. मजकूर ज्याला नियम म्हणतो, तो हा दुर्मीळ अपवाद आहे. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष तर तुकड्यांच्या जोडणीतला आहे, म्हणून सर्व वाहकांना एकच वर्णन लावणे मुळातच चूक आहे.

काढ्याविषयी एवढेच, की सदोष संदेश नष्ट करण्याचे काम अस्थिमज्जेतील पेशी स्वतःच करतात आणि जनुकातील अक्षर कोणत्याही काढ्याने बदलत नाही. वाहकाच्या लहान तांबड्या पेशी पाहून तपासणीविना लोहाच्या गोळ्या सुरू करणेही योग्य नाही.

राहिला लग्नाचा प्रश्न. जोडीदाराच्या बीटा-ग्लोबिनमध्ये दोष नसेल, तर अपत्याला थॅलेसेमिया मेजर (दोन्ही जनुके सदोष असल्याने होणारा गंभीर आजार) होत नाही. फार तर ते वाहक होते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला तो होण्याची २५ टक्के शक्यता असते, आणि तेव्हा समुपदेशन व गर्भजल तपासणी उपलब्ध आहे. हे ठरवण्यासाठी जोडीदाराची एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी करावी लागते. माझ्या विद्यार्थिनीच्या नियोजित वराची ती अजून झालेलीच नाही.