‘लेखक घडवता येत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘लेखक जन्मावा लागतो, घडवता येत नाही. सर्जनशील लेखनाची पदवी म्हणजे पैशांची माती. थोर लेखकांकडे कुठे होती ती?’ हा मजकूर इतका फिरला आहे की एम.एफ.ए. (सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी) करावं की नाही या विचारात पडलेली तरुण मंडळी त्यावरच निर्णय घेऊन मोकळी होतात. मला याची फार हळहळ वाटते.

आधी ‘शिकवता येत नाही’ हे घेऊ. गायकाला गुरू लागतो हे आपण बिनतक्रार मानतो. मग लेखकानेच स्वयंभू असावं हा हट्ट कशासाठी? प्रतिभा कुणी देत नाही, हे खरं. पण संवाद कुठे नुसती माहिती पुरवतो, निवेदक बदलल्यावर काय हरवतं, हे नक्की दाखवता येतं. कार्यशाळेत दहा-बारा जण तुमची कथा आधीच वाचून, समासात खुणा करून येतात. चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं, हा जुना रिवाज. समजा, पहिली दोन पानं नायक उठतो, दात घासतो, खिडकीतून बघत राहतो. आणि बहुतेकांच्या प्रतीवर पहिली ठळक खूण थेट तिसऱ्या पानावर, बहिणीचा फोन येतो तिथे. कथा तिथून सुरू होते, हे लिहिणाऱ्याला एकट्याने उमगायला वर्ष गेलं असतं. मित्र तर ‘छान जमलीय’ म्हणून मोकळे होतात. (गप्प बसण्याच्या रिवाजावर अलीकडे टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. आता काही ठिकाणी लेखकच वाचकांना प्रश्न विचारतो.)

थोर लेखकांकडे पदवी नव्हती, कारण पदवीच नव्हती. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा सुरू झाली १९३६ साली, ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा एम.ए. १९७० साली. त्यानंतरची नावं बघा: अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ’कॉनर आयोवातून शिकल्या, २०१७ चे नोबेल विजेते काझुओ इशिगुरो ईस्ट अँग्लियातून. पदवीमुळे सगळे एकाच साच्यातलं लिहितात, असंही म्हणतात. या दोघांचं एकेक पान शेजारी ठेवून वाचा, साचा सापडतो का ते.

पैशांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. कर्ज काढून ही पदवी घेऊ नका, असंच मी सांगेन. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आणि तिथेही प्रकाशित पुस्तक आधी बघतात. पण अमेरिकेत अनेक विद्यापीठं फी माफ करून विद्यावेतन देतात. बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचं असतं. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षं लिहिण्याचेच पैसे मिळतात. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर, म्हणून नकाराची तयारी ठेवावी लागते. नोकरी-संसार सोडता येत नसेल तर वर्षातून थोडे दिवसच हजर राहायचे अभ्यासक्रमही आहेत, पण त्यांत शिष्यवृत्ती सहसा तुटपुंजी.

अर्ज करण्याआधी तिथल्या आजी विद्यार्थ्यांना गाठा. विद्यावेतन सगळ्यांना मिळतं की काहींनाच? शिकवण्यात आठवड्याचे किती तास जातात? आणि तिथे शिकवणाऱ्या ज्या लेखकाचं नाव वाचून तुम्ही निघालात, ते त्या वर्षी रजेवर तर नाहीत ना?