जनरेटरचं जाम बेअरिंग आणि छन्नी-हातोडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

जनरेटरच्या रोटरवर (आतल्या फिरणाऱ्या भागावर) जाम झालेलं बेअरिंग कसं काढावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि जरा रागानंच लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बेअरिंग भंगारातच टाकायचं आहे, मग त्याचे लाड कशाला? छन्नी लावा, चार ठोके द्या, नाहीच हललं तर गॅस मारा. पुलर (बेअरिंग ओढून काढायचं स्क्रूचं हत्यार) आणि सेपरेटर (बेअरिंगच्या मागे घालायच्या दोन अर्ध्या चकत्या) घ्यायला सांगून मी तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्याला खर्चात पाडतो आणि नव्या पोरांना हत्यारांच्या नादी लावतो. खर्चाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, त्यावर पुढे येतोच. आधी ठोक्यांचं बघू.

बेअरिंग टाकायचं आहे हे खरं, पण रोटर ठेवायचा आहे. माझ्याकडे रिवाइंडिंगला जे छोटे सेट येतात, त्यांत वाइंडिंग (तारेची गुंडाळी) जळलेले रोटर असतात, तसे बेअरिंग काढताना मार खाल्लेलेही असतात. ब्रशवाल्या पोर्टेबल सेटची रचना डोळ्यांसमोर आणा. शाफ्टच्या टोकाला बेअरिंग, बऱ्याच सेटमध्ये त्याला लागूनच मागे दोन स्लिप रिंगा (ब्रश ज्यांवर घासून रोटरला वीज देतात त्या), त्या प्लास्टिकच्या साच्यात बसवलेल्या, आणि तिथून वाइंडिंगकडे गेलेल्या दोन तारा. बेअरिंग आणि साचा यांच्यात करंगळीही जाणार नाही एवढीच फट असते. तिथे छन्नी सरळ बसत नाही, तिरकीच धरावी लागते. एक ठोका निसटला की साच्याला तडा जातो किंवा तार मुळातून तुटते. शाफ्टवर ओरखडा उठला तर तो निराळाच. काही शे रुपयांच्या बेअरिंगपायी हजारोंचं काम निघतं आणि ते बिल गिऱ्हाइकाच्या माथी बसतं. मला खटकतं ते हे.

दुसरी गोष्ट, ठोका जातो कुठे? या सेटमध्ये रोटरला बेअरिंग एकच. दुसरं टोक इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसवून लांब बोल्टनं आवळलेलं असतं. रोटर इंजिनवर असतानाच घाव घातले तर ते थेट क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर जातात. पट्ट्यावर चालणाऱ्या दोन बेअरिंगच्या अल्टरनेटरमध्ये मार दुसऱ्या टोकाच्या चांगल्या बेअरिंगला बसतो. त्याचे छर्रे रेसमध्ये (ज्या खाचेत ते फिरतात तिथे) बारीक खळगे पाडतात. त्या दिवशी काही कळत नाही. मग सेट गुणगुणायला लागतो आणि आपण म्हणतो, नवीन बेअरिंग डुप्लिकेट निघालं.

आता जाम होण्याचं मूळ. रोटरबरोबर आतली रिंग फिरते, म्हणून ती शाफ्टवर दाबून बसवतात. बाहेरची रिंग कव्हरमध्ये त्या मानानं सैल असते, म्हणूनच कव्हर उघडलं की बेअरिंग शाफ्टवरच राहतं. २० मि.मी. शाफ्टवर ६२०४ नंबरचं बेअरिंग घातलं तर हा घट्टपणा साधारण एक-दोन शतांश मिलिमीटरचा असतो. झगडा एवढ्याचाच. वर गंज चढला की तो वाढतो, पण धरून ठेवणारी आतलीच रिंग असते. ओढायचं तर तिला ओढायला हवं.

साधा दोन किंवा तीन पायांचा पुलर लावला की त्याचे पाय बाहेरच्या रिंगला अडकतात. मग सगळा जोर छर्‍यांतून आत जातो. बेअरिंग फार झिजलेलं असेल तर केज (छर्रे जागेवर धरणारा पिंजरा) तुटते, छर्रे सांडतात, बाहेरची रिंग हातात येते आणि आतली शाफ्टवर तशीच. मग धरायला काहीच उरत नाही. ‘पुलरनंसुद्धा निघत नाही, आम्ही करून पाहिलंय’ असं तुम्ही लिहिलंत. दादा, बहुतेक वेळा घडतं ते हे. सेपरेटरच्या दोन अर्ध्या चकत्यांच्या कडा पातळ असतात, त्या मागच्या फटीत शिरतात आणि दोन्ही रिंगांना एकदम टेकतात. त्यावर पुलर लावला की जोर आतल्या रिंगवर येतो. म्हणून मी त्याचा एवढा आग्रह धरला.

आणखी एक अडचण असते. या रोटरचा शाफ्ट पोकळ असतो, तो लांब बोल्ट त्यातूनच जातो. पुलरचा स्क्रू टेकवायला जागाच नसते. भोकात सहज उतरेल असा आखूड अ‍ॅलन बोल्ट टाका. डोकं शाफ्टच्या तोंडावर टेकतं आणि डोक्यातल्या खाचेत पुलरच्या स्क्रूचं टोक नेमकं बसतं. घसरत नाही, शाफ्टचं तोंडही फुलत नाही. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा, आवळून ताण द्या आणि स्क्रूच्या डोक्यावर हातोडीची एक हलकी टिचकी मारा. बहुतेक वेळा इथेच ‘टक्’ असा आवाज येतो आणि बेअरिंग सरकतं. नाही सरकलं तर भेदक तेल सोडून, ताण तसाच ठेवून रात्रभर थांबा.

गॅसबद्दल. उष्णतेचं तत्त्व बरोबरच आहे. २० मि.मी. भोकाची रिंग शाफ्टपेक्षा ८० अंशांनी जास्त तापली तर भोक जवळपास दोन शतांशांनी मोठं होतं, म्हणजे आपल्याला हवं तेवढंच. ‘शाफ्टपेक्षा जास्त’ हे मात्र जमायला हवं. गॅसची ज्वाळा आधी बाहेरची रिंग तापवते. तिथून आत उष्णता जायला वाट छर्‍यांच्या टेकलेल्या ठिपक्यांएवढीच, त्यामुळे आतली रिंग तापेपर्यंत शाफ्टही तापतो आणि फरक उरत नाही. तोवर शेजारचा प्लास्टिकचा साचा वितळतो. वाइंडिंगचं इन्सुलेशन एफ वर्गाचं असेल तर त्याची मर्यादा १५५ अंश सेल्सियस, एच असेल तर १८०. पोलाद निळं पडतं ते सुमारे ३०० अंशांना. रिंग निळी दिसली की जवळच्या तारांचं काय झालं असेल, ते रिवाइंडिंगवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. हीट गन चालेल: पुलरचा ताण आधी द्या, स्लिप रिंगवर ओलं फडकं गुंडाळा आणि आतल्या रिंगवर झोत धरा.

आता खर्च. तयार सेपरेटर मुंबईला नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत मिळतो, पण वर्षातून एखाद-दुसरा सेट येत असेल तर तो घेऊच नका. चांगल्या जाड लोखंडी पट्टीत इंग्रजी यू आकाराची खाच कापून घ्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं पाडा, त्यांतून दोन लांब स्टड घ्या, वर एक आडवी पट्टी आणि तिच्या मध्यावर वेल्ड केलेल्या नटातून जाणारा बोल्ट. वेल्डर आणि ग्राइंडर तुमच्याकडे आहेतच. माप मात्र नीट घ्या. बेअरिंगच्या मागे शाफ्टला खांदा असतो, म्हणजे बेअरिंग जिला टेकतं ती जाड पायरी. खाच शाफ्टच्या मापाची कापली तर पट्टी खांद्यालाच अडते. ६२०४ मागे खांदा साधारण २६ मि.मी. आणि आतल्या रिंगचा बाहेरचा व्यास २९ च्या आत, म्हणजे पकडायला प्रत्येक बाजूला जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर मिळतो. खाच ढिली झाली, तर ही पकड आणखी कमी होते. तिची कड मागच्या बाजूनं ग्राइंडरनं उतरती करा, म्हणजे फटीत जाईल.

तुमच्या छन्नीला जागा आहेच. फक्त आतली रिंग शाफ्टवर उरली असेल, तर बारीक डिस्कनं तिला तिरका काप घ्यायचा, शाफ्टपासून केसभर अलीकडे थांबायचं आणि त्या कापात छन्नी धरून एकच घाव घालायचा. बेअरिंगचं पोलाद कडक असल्यामुळे ते चिरतं आणि रिंगची पकड सुटते. त्याच कडकपणामुळे त्याचे तुकडे उडतात. तुमच्याकडे जी पोरं शिकतात, त्यांना या कामाला गॉगलशिवाय बसू देऊ नका, एवढं मी हात जोडून सांगतो. छन्नी मारून बेअरिंग काढतानाही रिंग फुटते, तेव्हा तोच नियम.

तुमच्याकडे सध्या अडलेला जो सेट आहे म्हणालात, त्याच्या बेअरिंगचा नंबर आणि खांद्याचं व्हर्नियरनं घेतलेलं माप कळवा. फट किती आहे तेही लिहा. पट्टी केवढ्या जाडीची लागेल आणि खाच किती कापायची, ते सांगतो.