हवेचं भाडं

जुन्या घरमालकाला तारीख पाळायची असते आणि नव्या घराच्या बिल्डरला नुसती द्यायची असते. या दोन तारखांच्या मधे जे उरतं त्याला संसार म्हणतात, आणि तो ठेवायला जागा शोधावी लागते.

माणसांची सोय होते हो. माणूस कोणाच्याही हॉलमध्ये आडवा होतो आणि सकाळी चादरीची घडी घालून उठतो. कपाटाला एवढी रीत नसते.

मी एका गोदामवाल्याला फोन लावला. ‘सामान किती?’ त्याने विचारलं. ‘फार नाही,’ मी म्हणालो. ‘फार नाही म्हणजे किती घनफूट?’ मग टेप घेऊन मी घरभर फिरलो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. शाळेत पाण्याच्या टाक्या मोजून जे सुटलो होतो, ते आता दिवाणापाशी येऊन अडकलो.

मोजताना कळलं की आमच्या घरात सगळ्यात जास्त आहे ती हवा. खुर्चीचं लाकूड जेमतेम, बाकी सगळी हवा. टेबलाखाली हवा, कपाटात हवा. कपाट भरून द्यावं म्हटलं तर हमाल भरलेल्या कपाटाला हात लावत नाहीत. गादी भिंतीला उभी केली की जागा वाचेल, असं बायको म्हणाली. पण उभी गादी हळूहळू कंबर वाकवते, तेव्हा ती आडवीच ठेवायची आणि तिच्यावर जड काही ठेवायचं नाही. फ्रिज तर आतून कोरडा करून, दार किंचित उघडं ठेवून द्यायचा, नाहीतर आत बुरशी धरते. म्हणजे त्याच्या आतल्या हवेचं भाडं भरायचंच, वर ती खेळती राहील हेही बघायचं.

मग दुसऱ्याकडे गेलो. तो घनफुटावर नाही, खोलीवर भाडं घ्यायचा. दहा बाय दहाची खोली म्हणजे १०० चौरस फूट, छत ८ फुटांवर. ‘८०० घनफूट आहेत साहेब, वरपर्यंत रचा!’ आमचं सामान कमरेपर्यंतच येत होतं. इथेही हवाच.

खरी गंमत कोटेशनच्या शेवटच्या ओळींत असते. डिपॉझिट वेगळं, विमा वेगळा, चढवण्या-उतरवण्याची मजुरी वेगळी. पंधरा दिवस ठेवा की महिना, भाडं किमान तीन महिन्यांचं. आणि मधेच आपलं सामान बघावंसं वाटलं तर दोन दिवस आधी कळवायचं आणि व्हिजिट चार्ज भरायचा. तुरुंगातल्या माणसाला भेटणं यापेक्षा सोपं असावं.

विम्याच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तूची आजची किंमत मागितली होती. सोफ्यापुढे मी जरा हात सैल सोडून आकडा लिहिला. समोरच्या माणसाने घसारा धरून जो आकडा सांगितला, त्याच्यापेक्षा त्या सोफ्याचं तीन महिन्यांचं भाडं जास्त होत होतं. बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी त्याने पेन थांबवलं. ‘यात काय आहे?’ ‘किल्ली सापडली की कळवतो,’ बाबा म्हणाले.

शेवटी मोठं सामान गोदामात आणि उरलेलं नातेवाइकांकडे, अशी विभागणी झाली. नातेवाईक भाडं घेत नाहीत. मावशीची ‘रिकामी पडलेली’ मागची खोली तिच्याच मुलांच्या सामानाने छतापर्यंत गच्च निघाली, पण दाजींनी मोठ्या मनाने वॉशिंग मशीन ठेवून घेतलं. चार दिवसांनी ताईचा फोन आला. ‘अरे, बंद ठेवलं की मशीन बिघडतं म्हणे, म्हणून हे रोज चालवतायत.’

पुढच्या आठवड्यात दाजींचाच फोन. मशीन घरघर करतंय, वॉरंटी कार्ड कुठे आहे? कार्ड गोदामात, पार मागच्या भिंतीला, पुस्तकांच्या खोक्यांखाली. मी त्यांना दोन दिवसांची नोटीस, व्हिजिट चार्ज, सगळं समजावून सांगितलं.

‘मग जातोच आहेस तर इस्त्रीचं टेबलही घेऊन ये,’ दाजी म्हणाले. ‘कपडे धुऊन होतात रे, इस्त्रीचीच पंचाईत होते.’